बेतणे आणि शिवणे : सायंवर्गातील वस्त्रशिक्षण



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून संतसाहित्य, इतिहास किंवा राष्ट्रीय प्रश्न ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेव्हा ‘शिवणवर्ग’ हा विषय जाहीर झाल्यावर काहींना तो या प्रसंगाच्या मानाने लहान वाटला असेल, तर त्यात नवल नाही. आयुष्याची बरीच वर्षे मी सायंकाळच्या वर्गांत कापड, कात्री आणि टेप घेऊन उभी राहिले आहे. त्या अनुभवाच्या आधाराने आज एवढेच मांडायचे आहे, की पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन तालुक्यांत कापूस पिकतो, कापड तयार होते, शिवणाऱ्या हातांचीही वाण नाही. उणीव आहे ती कापड बेतण्याच्या विद्येची. ही विद्या आपल्याकडे शिकवायची झाली, तर बहुतेकांसाठी ती संध्याकाळीच शिकवावी लागेल.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. काळ्या जमिनीतला इथला कापूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आला. नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली, आणि विदर्भाच्या व आसपासच्या कापसाला दारातच गिरणी मिळाली. ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली. सौंसरकडे कोष्टी विणकरांचे हातमाग होते. पुढे १९९१ मध्ये सौंसर तालुक्यातल्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कारखाना उभा राहिला. तिथे लोकरीचे, लोकरमिश्रित आणि पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे सुटिंग विणले जाते. कपाशीच्या शेतांशेजारी मेंढीच्या लोकरीचे कापड विणले जावे, ही गंमत मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी कोणीतरी विचारते, “मग आपला कापूस जातो कुठं, बाई?” प्रश्न साधा असला तरी तो या विषयाच्या मुळाशी जातो. शेतातून कापूस निघतो, गाठी बांधल्या जातात आणि गाडी भरून माल जातो. परत येतो तो तयार शर्ट, दुकानातल्या पिशवीत. मधल्या प्रत्येक पायरीची मजुरी वाटेत कोणाला ना कोणाला मिळालेली असते. त्या पायऱ्यांपैकी शेवटची, म्हणजे कापडाचा कपडा करण्याची पायरी अशी आहे, की तिला गिरणी लागत नाही. एक खोली, एक लांब टेबल आणि शिकलेली माणसे पुरतात.

आता ‘शिकलेली’ म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते.

मराठीत शिंप्याच्या कामाला दोन वेगळी क्रियापदे आहेत : बेतणे आणि शिवणे. अंगाच्या मापानुसार कापडावर आखणी करून ते कापणे म्हणजे बेतणे. कापलेले तुकडे जोडणे म्हणजे शिवणे. मोठ्या शहरांतल्या शिवणकारखान्यांत हा भेद मजुरीतही दिसतो. बेतणारा तो ‘मास्टर’, शिवणारे ते कारागीर. कारागिराला नगावर पैसे मिळतात. मास्टरच्या हातून एक चूक झाली तर शंभर नग बिघडतात, म्हणून त्याचा मानही मोठा आणि पगारही. आपल्याकडच्या घरोघरी यंत्र चालवणाऱ्या बहुसंख्य बायका उत्तम शिवतात. टीप सरळ, काज नेटके, तुरपाई दिसूही न देणारी. पण नवे ब्लाउज करायचे झाले, की जुने ब्लाउज उसवून कापडावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने खडू फिरवायचा, ही रीत. या रीतीत एक खोच आहे. जुने ब्लाउज धुऊन आटलेले असते, काखेत ताणलेले असते, आणि मुळात ज्याने बेतले त्याच्या चुकाही त्यात असतात. नव्या कापडावर त्या सगळ्या चुका इमानाने उतरतात. शिवाय ज्या बाईचे जुने ब्लाउज हाताशी नाही तिचे काम घेताच येत नाही. ओळखीच्या चार घरांपलीकडे धंदा वाढत नाही, तो बहुधा इथेच अडतो.

आखणी शिकली की ही अडचण सुटते. समजा, छातीचे माप ३४ इंच आहे. त्याचा चौथा भाग साडेआठ. श्वास घ्यायला, हात हलवायला अर्धा इंच सैलपणा, झाले नऊ. त्यावर शिवणीसाठी एक इंच, झाले दहा. या शेवटच्या इंचाला आपली भाषा ‘माया’ म्हणते. कडेला माया सोडलेली असली, तर पुढे अंग भरले तरी कपडा उसवून सैल करता येतो. इतका नेमका आणि प्रेमळ शब्द दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकात मला तरी आढळला नाही. म्हणून माझा आग्रह असा, की या भागातला वर्ग मराठीतूनच चालावा, हिंदीचे व इंग्रजीचे शब्द पुढे ओघाने येतील. कारखान्यात ‘डार्ट’ म्हणतात, आपण ‘टक’ म्हणतो. तिरप्या कापडाला ‘उरेब’ म्हणतो. उरेब पट्टी गळ्याला का चांगली बसते, हे ज्या मुलीला कळले तिला कापडाचा स्वभाव कळला. उभा धागा ताणला जात नाही, आडवा थोडा ताणला जातो, आणि दोघांच्या मधोमध तिरपे ओढले तर कापड रबरासारखे वळते. ताण्याबाण्याचे हे गणित घरातला हातरुमाल हातात घेऊन दोन मिनिटांत दाखवता येते.

कापडाची ओळख हा वर्गाचा दुसरा भाग. तो पुष्कळ ठिकाणी गाळला जातो, याचे मला वाईट वाटते. सूत बारीक की जाड हे काउंटवरून ठरते. एका पौंड वजनाच्या सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील तितका काउंट. म्हणजे ४० काउंटचे एक पौंड, अर्ध्या किलोहूनही कमी सूत उलगडले तर ३३,६०० यार्ड, जवळजवळ ३१ किलोमीटर लांब होईल. हे ऐकल्यावर वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग आपापल्या पदराकडे पाहू लागतो. कापडाची कसोटी तर स्वयंपाकघरातही होते. कापडाचा एक धागा काढून, चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर न्यावा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख मऊ आणि करडी. व्हिस्कोसही तसेच जळते, म्हणून तिथे घाईने निकाल देऊ नये. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि काळी गुठळी बोटांत चुरडते. पॉलिएस्टर आधी वितळते, आणि त्याची गोळी कडक होते. या परीक्षेसाठी लागणारी सगळी चिंधी सौंसरच्या परिसरात मिळते.

आता पैशाचे. तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो, म्हणून बेतण्यातली बचत ही खरी कमाई. शाळेच्या गणवेशाचे उदाहरण घ्या. ३०० सदरे करायचे आहेत, दर सदऱ्याला सव्वा मीटर कापड. तुकड्यांची मांडणी नीट केली आणि दर नगामागे पाच सेंटिमीटर वाचले, तर १५ मीटर वाचतात. त्यात आणखी १२ सदरे होतात. उलट, सुती कापड आधी भिजवून वाळवले नाही आणि ते शेकडा ४ आटले, तर त्याच सव्वा मीटरमागे पाच सेंटिमीटर पहिल्या धुण्यात जातात. मुलगा तक्रार करतो आणि पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला मिळते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. खणाची चोळी पाहा, लहान बाळाची कुंची पाहा : त्यांची रचनाच अशी, की कात्रण फारच थोडे निघावे. पोळ्याला बैलासाठी झूल शिवणारा माणूसही आधी बैलाची पाठ मापतो. फॅशन डिझाइनचा अभ्यास मोठ्या संस्थेत होतो, तसा इथूनही सुरू करता येतो. दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली, भोपाळला तिचे केंद्र २००८ मध्ये आले. तिथे आपली मुलगी जावी, अवश्य जावी. पण जाताना तिला आजीच्या चोळीचा बेत आखता येत असेल, तर ती तिथे कोणापेक्षा कमी ठरणार नाही.

आणि संध्याकाळच का? जी शिकणार, ती दिवसा मोकळी नसते म्हणून. कापूसवेचणीच्या महिन्यांत बायका सकाळी शेतात जातात त्या दिवस कलल्यावर परततात. संत्र्याच्या तोडीतही तेच. कारखान्यातला मुलगा पाळीवर. संध्याकाळी शिकण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून प्रौढ स्त्रियांना अक्षरांबरोबर हाताचे कामही शिकवले. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसाय शाळेच्या मध्यभागी आणला. मात्र माझ्या मते आपल्या शाळांनी त्यातली तकली उचलली आणि कात्री विसरल्या. मुंबईत १९६७ मध्ये पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ते कामगाराच्या सवडीने शिकवण्यासाठीच. अशा संस्थांना २००० पासून जनशिक्षण संस्थान म्हणतात.

सरकारी सोयी आज नाहीत असे नाही. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणाचा वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, पण तो दिवसा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. मदत चांगली आहे, घ्यावी. परंतु पाच दिवसांत यंत्राची ओळख होते, आखणी हातात बसत नाही. माझ्या हिशेबाने त्याला रोज दोन तासांचे सहा महिने लागतात, आणि ज्यांचे अंकगणित कच्चे त्यांना थोडे अधिक. भागाकार येत नाही म्हणून शिवण सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना मी आधी टेप दिला, चौथा भाग टेपच्या घड्या घालून काढायला लावला, त्या शिकल्या.

वेळ थोडा आहे असे मला वाटते, त्याचे कारण सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सात मोठ्या उद्यानांच्या जागा जाहीर केल्या. एक आपल्या राज्यात धारला, दुसरे वरूड-मोर्शीच्या पलीकडे अमरावतीला. अमरावतीला माणसे लागतील ती इथूनही जातील. ती कारागीर म्हणून जातील की मास्टर म्हणून, हे तिथे पोचल्यावर ठरणार नाही.

म्हणून या शाळेपुढे एक सूचना ठेवते. पाच वाजता शाळा सुटल्यावर हे सभागृह रिकामे असते. सहा ते आठ वर्ग भरावा. वेचणीच्या दिवसांत तो अर्ध्या तासाने उशिरा सुरू करावा. लहान मुले घेऊन येणाऱ्या बायकांसाठी शेजारची एक खोली उघडी ठेवावी आणि परतीच्या वाटेवरचे दिवे लागतील याची नगरपालिकेकडे खातरजमा करावी. वर्ग बंद पडतात ते बहुधा अंधारामुळे. पोळा आणि गोटमारीचे दोन दिवस सुटी द्यावीच लागेल, तिथे माझे किंवा कोणाचेच चालणार नाही. मुलगेही घ्यावेत. शिंप्याचा धंदा पुरुषांचा आणि शिवणवर्ग मुलींचा, ही विभागणी मला कधी समजली नाही. माजी विद्यार्थी यंत्रांसाठी देणगी देऊ म्हणतात, त्यांचे आभार. पण घाई नको. पहिल्या महिन्यात जुनी वर्तमानपत्रे, खडू, टेप आणि एक बरी कात्री एवढेच लागते. यंत्रे दुसऱ्या महिन्यात आली तरी चालतील.