ताण एकच, प्रतिसाद निराळे

एकाच वर्षी दोन शेजाऱ्यांचा खरीप बुडतो. एक जण सोसायटीच्या सचिवाशी भांडत फिरतो. दुसरा कोणाशी बोलेनासा होतो. पहिला तापट व दुसरा समजूतदार, असा निवाडा गाव सहज देऊन टाकते. तो नेहमीच बरोबर असतो असे नाही.

माणसांची वर्गवारी करण्याचा छंद जुना आहे. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. १९५९ मध्ये फ्रीडमन व रोझेनमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी सदैव घाईत असणाऱ्या, चढाओढीच्या स्वभावाचा संबंध हृदयविकाराशी जोडला. या स्वभावाला ‘अ’ प्रकार व निवांत स्वभावाला ‘ब’ प्रकार ही नावे रूढ झाली. पुढील संशोधनात तो संबंध पूर्वी वाटला तितका भक्कम ठरला नाही. घाईपेक्षा मनात धरलेला वैरभाव अधिक घातक असावा, असे दिसू लागले. शिवाय बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी असतात.

स्वभावाबरोबर परिस्थितीचाही वाटा असतो, हे शिरूर-दौंड परिसराच्या इतिहासावरून ध्यानात येते. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. त्यात सारावाढीची भर पडून शेतकरी कर्जात रुतला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळविला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कसणे, हजामत करणे, सारे बंद झाले. भीमथडी तालुक्यातील सुपे येथे मात्र १२ मे १८७५ रोजी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. (आजच्या दौंडचा मुलूखही तेव्हा भीमथडीतच मोडे.) म्हणून करड्याची माणसे ‘ब’ प्रकारची आणि सुप्याची ‘अ’ प्रकारची, असे कोणी म्हणणार नाही. पुढे चौकशी आयोग नेमला गेला व १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. लोकांना शांत राहण्याचा उपदेश करून भागण्यासारखे ते दुखणे नव्हते.

पंचायतीत वा शाळेत आरडाओरडा करणाऱ्याची दखल लगेच घेतली जाते. निमूट बसणारा सुटून जातो. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, बाजारहाट व पारावरची ऊठबस बंद झाली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर अशा व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ‘तूच एकटा नाहीस, सगळ्यांनीच सोसले’ असे तिला ऐकवू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा.