पारा चढला म्हणून गाडीचा विमा मिळत नाही

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्याला विमा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा त्याच्या अंगवळणी पडला आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या अंशांच्या वर सलग ठरलेले दिवस राहिला की भरपाई लागू होते. (ती हातात कधी पडते, हा वेगळा आणि कडू विषय.) हाच माणूस हिरव्या नंबरप्लेटची इलेक्ट्रिक गाडी दारात आणतो, तेव्हा विम्याचं हेच गणित डोक्यात ठेवून आणतो. तिथे मात्र हिशेब चुकतो.

गाडीच्या विम्याला पाऱ्याशी काही देणंघेणं नाही. भुसावळात मे महिन्यात 45 अंशांचं कुणाला नवल वाटत नाही, पण लिथियम-आयन बॅटरीला अशी उष्णता मानवत नाही. आतली रासायनिक झीज वाढते आणि एका चार्जिंगमध्ये मिळणारे किलोमीटर हळूहळू घटतात. जळगाव-धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर. पहिल्या वर्षी जाऊन-येऊन निवांत होणारी फेरी काही उन्हाळ्यांनंतर जिवाला घोर लावू शकते. त्याबद्दल विमा कंपनी एक रुपया देत नाही, आणि पॉलिसीच्या भाषेत ते बरोबरही आहे. पॉलिसी घटनेचे पैसे देते: अपघात, आग, चोरी, पूर, दंगल. झीज आणि यंत्रातला किंवा विजेचा आपोआप झालेला बिघाड तिच्यात बसत नाही. झिजेचा कागद वेगळा. तो म्हणजे उत्पादकाची बॅटरी वॉरंटी, बऱ्याच गाड्यांना 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. उलट अपघात किंवा पुराचं पाणी यांच्याशी वॉरंटीचा संबंध नाही. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये ठेवा, पण एकाचं काम दुसरा करील या भरवशावर राहू नका.

आता पाणी. 31 ऑगस्ट 2021 ची पहाट चाळीसगावकर विसरलेले नाहीत. तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळून वाहनं अडकली. अशा पुरात उभ्या गाडीचं नुकसान झालं, तर साधी सर्वसमावेशक पॉलिसीही उपयोगी पडते. वाद होतो तो फरशीपुलावरून ‘निघेल, निघेल’ म्हणत गाडी घातल्यावर, किंवा बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहिल्यावर. पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे पुरवणी संरक्षण याच कारणाने निघालं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही. तिला हवं ते बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांना पाणी शिरण्यापासून व शॉर्टसर्किटपासून असलेलं संरक्षण. त्याचं नाव प्रत्येक कंपनी वेगळं ठेवते. एजंट ‘सगळं कव्हर आहे, भाऊ’ म्हणाला, तर कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

खेड्यात चार्जिंग करणाऱ्यांनी व्होल्टेजच्या चढउताराचंही विचारावं. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर, एक्स्टेंशन बोर्ड लावून रात्रभर गाडी चार्ज करणं हे विम्याच्या आधी वायरमनचं काम आहे. भिंतीवरचा चार्जर गाडीचा भाग धरला जाईलच असं नाही. तो पॉलिसीत नोंदवून घ्यावा लागतो.

हप्त्याचं थोडक्यात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी दरांत इलेक्ट्रिक गाडीला 15 टक्के सवलत मिळाली. मोटरची ताकद 30 किलोवॉटपर्यंत असेल तर वर्षाला 1,780 रुपये, 30 ते 65 ला 2,904, त्यापुढे 6,712. हे किलोवॉट मोटरचे, बॅटरीचे किलोवॉट-तास नव्हेत. टियागो ईव्हीची बॅटरी 24 किलोवॉट-तासांची, म्हणून मालक पहिल्या गटावर बोट ठेवतो. पण तिची मोटर 55 किलोवॉटची, म्हणजे गट दुसरा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कंपनी ठरवते, आणि गाडीची किंमत जास्त म्हणून तोही जास्त. जुन्या टॅरिफमध्ये पुणे-मुंबई ‘झोन ए’ आणि जळगाव-धुळे ‘झोन बी’, दर किंचित कमी. एवढंच काय ते आपल्या बाजूचं. जुनी पेट्रोल गाडी विकून ही घेतली असेल, तर नो क्लेम बोनस सोबत आणता येतो. तो 50 टक्क्यांपर्यंत असतो, आणि कितीतरी जण तो शोरूममध्येच सोडून येतात.

खरी मेख घसाऱ्यात आहे. टॅरिफमधल्या तक्त्यात रबर, प्लास्टिक आणि बॅटरी एका ओळीत बसवलेत: 50 टक्के घसारा. तो लिहिला गेला तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा बारा व्होल्टचा डबा होता. आज बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा एकटा भाग, आणि तो सीटखाली, तळाला. खेड्याच्या वेशीवरच्या उंच गतिरोधकावर घासतो तोही हाच. म्हणून घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ हे पुरवणी संरक्षण घेताना मुख्य बॅटरी त्यात आहे का, हे लेखी विचारा.

एक हिशेब करून पाहा. गाडी 15 लाखांची. चार वर्षं उलटली की आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, निम्मी होते: साडेसात लाख. दुरुस्तीचा खर्च तिच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. इथे ती रेषा 5,62,500 रुपयांवर येते. तळाला दगड लागून बॅटरी बदलायची वेळ आली आणि ती सहा लाखांची निघाली, तर पत्र्याला ओरखडा नसलेली गाडी भंगारात निघते. हातात साडेसात लाखांच्या आसपास येतात. नवी गाडी तेवढ्यात येत नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस हे पुरवणी संरक्षण सुरुवातीची वर्षं ही दरी भरून काढतं. किती वर्षं, ते पॉलिसीत पाहावं.

आणि ट्रॅक्टर. गाडी बंद पडली की दोर बांधून ओढायची, ही आपली जुनी रीत. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ शकते; ओढताना झालेलं नुकसान विमा कंपनी तुमच्याच पदरात घालू शकते. तिला फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावं लागतं. रस्त्यावरच्या मदतीचं संरक्षण घेताना तो फ्लॅटबेड धुळ्याहून येणार की नाशिकहून, आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे आधी विचारून ठेवा. पाण्यातून निघालेली गाडी सुरू करू नका, चार्जरलाही लावू नका. फोटो काढा आणि पहिला फोन विमा कंपनीला करा.