कीबोर्डमधला तो लाल ठिपका कशासाठी?
थिंकपॅड लॅपटॉपवर जी, एच आणि बी या कळांच्या मधोमध लाल टोपीची छोटी दांडी दिसते. हा माउसचाच पर्याय. आयबीएमने १९९२ मध्ये तो बाजारात आणला. संशोधक टेड सेल्कर यांच्यासमोर हिशेब होता: कीबोर्डवरून माउसकडे हात न्यायला पाऊण सेकंद, परत यायला जवळपास तेवढाच.

दांडी सरकत नाही, बोटाचा दाब ओळखते. जोर वाढवला की कर्सर वेगात पळतो. टचपॅडसारखं बोट पुन्हापुन्हा उचलावं लागत नाही. दिवसभर टायपिंग असेल तर सवय करून घ्यावी. फोटो-डिझाइनच्या बारीक कामाला मात्र माउसच बरा. कर्सर आपोआप सरकू लागला तर बोट काढून क्षणभर थांबा, बहुधा तो थांबतो.