वसईची वाडी, डहाणूचं रान

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या पश्चिम पट्ट्यात टँकर रात्रंदिवस धावत होते. ज्या विहिरींवरचे रहाट केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांना पाणी पाजायचे, त्यांवर मोटारी बसल्या. पाणी निघालं नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींकडे. समुद्राकाठच्या विहिरीत गोडं पाणी वर असतं, खारं खाली. उपसा वाढला की खारं वर चढतं आणि एकदा चढलं की केळ माना टाकते. बागायतदाराला हे शिकवावं लागत नव्हतं. पण टँकरवाला रोख पैसे मोजत होता आणि त्याच्या पाठीशी कोण आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. १९८९ मध्ये नालासोपारा स्टेशनात एका बांधकाम व्यावसायिकाला दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या, तो हा काळ. त्यातच सरकारने प्रादेशिक आराखडा बदलून हजारो एकर हिरवी जमीन बांधकामाला मोकळी केली आणि १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडकोकडे दिलं.

त्या दहशतीत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिचं नेतृत्व एका फादरकडे आलं. फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. १९७२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९८३ पासून २००७ पर्यंत ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मग्रामांच्या बातम्या देणारं हे मासिक त्यांच्या हाती मराठी वाचकांचं मासिक झालं, आणि बावखलं (वाड्यांतली पाण्याची तळी) बुजवली जाताहेत, वाड्या विकल्या जाताहेत हे त्यात उघड छापलं जाऊ लागलं. धमक्या आल्या. पोलीस संरक्षण घ्यावं की नाही यावर घरोघरी खल झाला असेल. पण रविवारच्या मिस्सेला येणारी बाई सोमवारी मोर्चात दिसू लागली. तिच्या शेजारी हिंदू शेतकरीही होता, हे त्या चळवळीचं खरं बळ.

या सगळ्याला दिब्रिटोंनी मुक्तीच्या ईशज्ञानाचं लेबल क्वचितच लावलं असेल. शब्द दक्षिण अमेरिकेतला. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेडेलिन शहरात तिथले बिशप एकत्र आले. गरिबी हे दैव नसून व्यवस्थेने केलेलं पाप आहे आणि चर्चने गरिबाच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे, या दिशेने त्यांनी पाऊल टाकलं. तीन वर्षांनी पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ब्राझीलमध्ये हेल्डर कामारा हे आर्चबिशप लष्करी राजवटीच्या डोळ्यांत खुपत राहिले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा सुरू असताना गोळी घातली गेली. रोमने मात्र आधी कपाळाला आठ्या घातल्या. १९८४ मध्ये या विचाराविरुद्ध इशारा देणारं पत्रक काढलं, आणि रोमेरोंना संत म्हणायला २०१८ उजाडावं लागलं.

आपल्याकडे कामारा का झाला नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षं छळतो. इथले बिशप भित्रे होते असं म्हणून तो सुटत नाही. ब्राझीलचा बिशप बोलतो तेव्हा देशातली बहुसंख्य जनता ऐकते. सरकारला त्याला हात लावताना दहादा विचार करावा लागतो. इथला बिशप अडीच टक्क्यांहूनही लहान समाजाचा. त्याच्या नावावर शाळा, दवाखाने, वसतिगृहं. एका नोटिशीने त्यातलं काहीही अडकू शकतं. त्यामुळे तो आधी संस्था सांभाळतो, मग विचार करतो. १९९८ मध्ये वसई मुंबईपासून वेगळा धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिलेले अभ्यासक. भागवत धर्माशी संवाद साधणारा बिशप महाराष्ट्राला मिळाला ही मोठीच गोष्ट. मात्र रस्त्यावर उतरण्याचं काम फादरांवर पडलं. बिशपांनी ते होऊ दिलं, यालाच आपण आधार म्हणायचं.

विचाराची बाजू पुण्यात घडत होती. नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठात जॉर्ज सोआरीस-प्रभू हे येशूसंघी (जेझुइट) फादर नवा करार शिकवत. मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा त्यांचा प्रबंध युरोपातल्या पंडितांनी वाखाणला होता. नंतर त्यांनी त्याच बारीक पांडित्याने एकच गोष्ट लावून धरली: बायबलमधले गरीब म्हणजे मनाने नम्र माणसं नव्हेत, ती नागवली गेलेली माणसं आहेत, समाजातला एक वर्ग आहेत. १९९५ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. मराठी वाचकाला त्यांचं नावही फारसं ठाऊक नाही, ही आपली दरिद्री बाजू.

पण या विचाराची खरी कसोटी लागली ती डहाणूत. १९७५ मध्ये येशूसंघाच्या जागतिक सभेने श्रद्धा आणि न्याय यांची सांगड घालणारा ठराव केला. त्याच वाऱ्यात पीटर डिमेलो आणि निकोलस कार्डोझ हे येशूसंघी वारली आदिवासींच्या पाड्यांवर गेले आणि १९७८ च्या अखेरीस कष्टकरी संघटना उभी राहिली. डिमेलो पुढे प्रदीप प्रभू झाले, येशूसंघही सुटला. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारल्यांना वेठीविरुद्ध उभं केलं तो हाच मुलूख. त्यामुळे लाल बावट्याला ही मंडळी आपल्या घरात घुसलेले पाद्री वाटली, तर हिंदुत्ववाद्यांना धर्मांतराचे दलाल. दोन्हीकडून मार, आणि चर्चला त्यांचा मार्क्स पचत नव्हता.

कामाचं स्वरूप मात्र वाद घालणाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा कोरडं होतं. वारल्याने रानात नांगरलेला तुकडा सरकारदरबारी ‘अतिक्रमण’. तो कधीपासून कसतो याचा पुरावा काय? वनरक्षकाने फाडलेली दंडाची पावती, तीही मिळाली असेल आणि कुडाच्या घरात वाळवीने खाल्ली नसेल तर. संघटना कोर्टात गेली. १९९५ मध्ये ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागद नाही म्हणून फेटाळलेल्या दाव्यांची पुन्हा चौकशी करायला लावली. पाड्यातल्या म्हाताऱ्याचा जबाबही पुरावा धरायचा, ही गोष्ट पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत आली. प्रवचनांतून जे साधलं नाही ते एका पंचनाम्याने साधलं.

इथे वसईकडे पुन्हा पाहिलं की एक अवघड गोष्ट दिसते. दिब्रिटोंची चळवळ जमीन असलेल्यांची होती. सातबारा नावावर असलेले बागायतदार, वाडवळ, सामवेदी, कुपारी. त्यांची जमीन आणि पाणी वाचवणं न्याय्यच होतं. पण गुतिएरेझ ज्या गरिबाविषयी लिहीत होते तो त्या मोर्चात मागच्या रांगेत होता. वसईच्या पूर्वेला वीटभट्ट्यांवर आणि शेतांवर बांधलेले वेठबिगार सोडवण्याचं काम विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटना करत होती, आणि त्यामागे धर्मप्रांत नव्हता. वसईहून डहाणू सत्तर किलोमीटर. वाडीसाठी लढणारा फादर फादरच राहिला. रानासाठी लढणाऱ्याला झगा उतरवावा लागला. मला हा योगायोग वाटत नाही. आपल्या लोकांसाठी लढणाऱ्याला कुठलीही संस्था सामावून घेते.

तरी दिब्रिटोंचं मोठेपण कमी होत नाही. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक २०१५ मध्ये आलं. वसईच्या विहिरींवरून निघालेले मोर्चे त्याआधी पंचवीस वर्षांचे. वसई-विरारची महानगरपालिका २००९ मध्ये आली आणि तिच्यातून गावं वगळण्याचं आंदोलन पेटलं. त्याचं नेतृत्व विवेक पंडितांकडे गेलं आणि ती कथा कोर्टकज्जांत फार लांबली.

मग आलं २०२०. जानेवारीत उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंकडे. एक कॅथलिक धर्मगुरू त्या खुर्चीवर बसणार म्हणून धमक्यांचे फोन गेले. पाठीच्या दुखण्याने ते बेजार होते, तरी तेरला जाऊन गोरोबाकाकांच्या समाधीपुढे नतमस्तक झाले आणि उद्घाटन आटोपून उपचारासाठी परतले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला रांचीहून स्टॅन स्वामींना अटक झाली. झारखंडच्या तुरुंगांत नक्षलवादी म्हणून डांबलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा अभ्यास करणारा हा येशूसंघी, वय त्र्याऐंशी. तळोजा तुरुंगात कंपवाताने हातातला पेला धरवत नव्हता. पाणी पिण्यासाठी सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला आणि तारखा पडत गेल्या. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये त्यांनी प्राण सोडला. जामिनाची सुनावणी त्याच दिवशी होती. या वेळी मात्र कार्डिनलांपासून कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांपर्यंत सगळे बोलले. जिवंतपणी एवढे बोलले असते तर, असं म्हणणं सोपं आहे; पण तेव्हा आपणही बोललो नव्हतो.

दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्याआधी महिनाभर, १९ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या बंदराला मंजुरी दिली होती. खर्च ७६ हजार कोटींवर. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात आहेत. समुद्रात भराव टाकायला दगड डोंगरांतून येणार, म्हणजे झळ पाड्यांनाही. तालुका वसई धर्मप्रांतातलाच. इथे सातबारावाला आणि बिनसातबारावाला असा भेद करून चालणार नाही, कारण समुद्राचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. आता झगा घातलेला कोण वाढवणच्या किनाऱ्यावर उभा राहतो, की पुन्हा कुणाला तरी तो उतरवूनच तिथे जावं लागतं, हे वसईच्या बिशपगृहातच ठरेल.