कार्टूनच्या पोशाखाची चेन, हूक आणि वेल्क्रो : दुरुस्ती कशी कराल?

स्नेहसंमेलन जवळ आलं की शाळाशाळांत छोटा भीम, मोटू-पतलू आणि डोरेमॉन अवतरतात. हे पोशाख वर्षानुवर्षं वापरले जातात, म्हणजे कापड टिकतं; पण चेन, हूक, टिचबटण, वेल्क्रो हे बंद आधी दगा देतात. मग ऐनवेळी कुणीतरी सेफ्टी पिन शोधून आणतं.

पण पिन लावणं ही दुरुस्ती नव्हे. डोरेमॉनसारख्या फुगीर पोशाखात मूल अक्षरशः कोंडलेलं असतं. आत उकडतं, डोक्याच्या मुखवट्यामुळे नीट दिसत नाही. अशा वेळी आत उघडलेली पिन टोचते, आणि घाईत मागून टाके घालून टाकलेला पोशाख लवकर काढताही येत नाही. म्हणून एक नियम लक्षात ठेवू या : बंद नाचताना सुटू नये, पण काढायचा म्हटला की झटकन सुटावा. पुढची सगळी दुरुस्ती याच नियमाने करायची.

१) चेन

चेन लावली तरी मागे उघडते का? मग बहुतेक वेळा दोष दातांचा नसतो, रनरचा असतो. दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत दाबून बसवणं हे रनरचं काम. वापरून वापरून त्याचं तोंड सैल होतं आणि दात नीट अडकत नाहीत. रनर चेनच्या खालच्या टोकाला आणा. त्याच्या मागच्या कडा, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात तिथल्या, पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या दाबा. थोडं दाबा, चालवून पाहा, मग पुन्हा थोडं. एकदम जोर लावला तर रनर तुटतो.

चेन अडकत असेल तर दातांवर पेन्सिलचं शिसं किंवा मेणबत्ती घासा. खालचे एक-दोन दात तुटले असतील तर त्यांच्या थोडं वर जाड दोऱ्याने आठ-दहा टाके एकावर एक घाला. रनर तिथेच थांबेल. मधले दात गेले असतील तर मात्र चेन बदलण्याला पर्याय नाही.

फरचा पोशाख असेल तर केस चेनमध्ये अडकतात. चेनच्या कडेचे केस कात्रीने आखूड करा आणि आतून कापडाची पट्टी शिवा. त्या पट्टीमुळे मुलाची त्वचाही चेनमध्ये सापडत नाही.

२) वेल्क्रो

माळावरून चाललं की कपड्यांना काटेरी बोंडं चिकटतात. अशाच बोंडांवरून स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्राल यांना 1941 मध्ये वेल्क्रोची कल्पना सुचली. एका पट्टीवर बारीक आकडे, दुसरीवर मऊ फासे. वेल्क्रो चिकटेनासा झाला की आधी आकड्यांत अडकलेले केस आणि दोरे पाहा. जुन्या टूथब्रशने किंवा सुईने ते काढले की पट्टी बरेचदा पुन्हा कामाला येते. मऊ बाजूचे फासे तुटून झिजले असतील तर तेवढीच पट्टी बदला. नवीन पट्टी नुसती डिंकाने चिकटवू नका, चारही कडांनी शिवा. मुलाच्या अंगाकडे मऊ बाजू यावी.

डोरेमॉनचा पोटावरचा खिसा, गळपट्टी आणि मुखवटा यांना वेल्क्रो उत्तम. मुखवटा गाठ मारून किंवा पिनेने कधीच अडकवू नये. ओढला की निघालाच पाहिजे.

३) टिचबटण, हूक, नाडी

टिचबटण निघतं तेव्हा बरेचदा बटण चांगलं असतं, खालचं कापड फाटलेलं असतं. तिथेच पुन्हा शिवलं तर पुन्हा फाटणार. आधी मागून जाड कापडाचं ठिगळ लावा, मग बटण. हूक तीन ठिकाणी शिवा : दोन्ही गोल कड्यांत आणि वाकलेल्या टोकाजवळ. भीमच्या धोतराला कमरेत इलॅस्टिक असेल तर ते ताणून पाहा. परत आखडत नसेल तर बदला. सोबत आत नाडी ओवून ठेवली की दुहेरी आधार होतो.

४) शेवटची चाचणी

पाठीवरच्या चेनच्या रनरला कमरेपर्यंत येईल एवढी फीत बांधा. मूल मागे हात नेऊन ती खाली ओढू शकेल. मग पोशाख घालून मुलाला वाकायला, बसायला, उड्या मारायला सांगा. त्यानंतर "काढ" म्हणा आणि मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात मुखवटा निघून चेन उघडली तर दुरुस्ती पास! ही चाचणी रंगीत तालमीच्या आधी करा. पोशाख भाड्याचा असेल तर बदल करण्यापूर्वी दुकानदाराला विचारा.

वर्गासाठी : कार्यानुभवाच्या तासाला मुलगे आणि मुली दोघांनाही टिचबटण लावायला आणि उलटी टीप घालायला द्या. चेन का उघडते, वेल्क्रो का चिकटतो हे आधी त्यांनाच शोधू द्या. पकड आणि सुई मोठ्यांच्या देखरेखीखालीच. पालकांनो, घरातल्या एखाद्या जुन्या दप्तराची चेन यासाठी जरूर पाठवा.