ठेंगण्या सेंटरची राखीव मिनिटं

२०१५च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडविरुद्ध १-२ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्याला प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बाकावर बसवलं आणि सेंटरची जबाबदारी साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीनवर टाकली. समोर होता सात फूट एक इंच उंचीचा टिमोफी मोझगोव्ह. त्या रात्री त्याने २८ गुण केले, तरीही वॉरियर्सनी सामना १०३-८२ असा जिंकला.

खेळी सोपी होती. स्टीफन करीला वाट करून द्यायला ग्रीन वर यायचा आणि त्याच्यामागे मोझगोव्हलाही बास्केट सोडून बाहेर यावं लागायचं. करीला अडवायला दोघे धावले, की चेंडू ग्रीनकडे. मग समोर तिघे आणि वॉरियर्स चौघे. बचावात ग्रीन कुणाच्याही अंगावर जाऊ शकत असल्याने आपापला माणूस बदलताना कोणी अडखळत नसे. पाचव्या सामन्यात मोझगोव्हला जेमतेम नऊ मिनिटं मिळाली. वॉरियर्स ४-२ने विजेते ठरले.

मला मात्र कर यांचं खरं शहाणपण पुढच्या मोसमात दिसतं. एवढं यश मिळूनही त्यांनी बोगटलाच पुन्हा सुरुवातीला उतरवलं आणि ग्रीनला सेंटरवर आणलं ते मुख्यतः सामना अटीतटीचा होई तेव्हा. कारण प्रत्येक रिबाउंडला आपल्याहून वीसेक किलो जड माणसाला पाठीने रेटायचं, तेही ८२ सामन्यांच्या मोसमात, हे शरीराला परवडत नाही. शिवाय उंची कमी पडली की हात जातो, आणि सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर. त्या मोसमात वॉरियर्सनी विक्रमी ७३ सामने जिंकले.

याउलट ह्यूस्टन रॉकेट्सनी फेब्रुवारी २०२०मध्ये उंच क्लिंट कपेलाला सोडलं आणि साडेसहा फुटांनाही इंचभर कमी असलेल्या, पस्तिशीला टेकलेल्या पी. जे. टकरला कायमचा सेंटर केलं. हा जुगार मला पटला नाही. तातडीचा उपाय त्यांनी रोजचा केला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सनी आपले उंच सेंटर बाजूला ठेवले आणि अँथनी डेव्हिसला त्या जागी खेळवलं. तो टकरपेक्षा पाच इंच उंच, आणि धावण्यातही मागे न पडणारा. ह्यूस्टन १-४ असं हरलं. डेव्हिसला सेंटरवर खेळणं फारसं आवडत नाही, हे त्याने आधीच जाहीर सांगितलं होतं. लेकर्सनीही कर यांच्यासारखीच मोसमभर बहुतेक सामन्यांची सुरुवात उंच सेंटरने केली आणि मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात डेव्हिसला पहिल्या मिनिटापासून तिथे उभं केलं.