फोटो कधी खोटा ठरतो?

कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत काढलेल्या एका फोटोत मागे एक बाई दिसते. ती तिथे कधी नव्हतीच. ती होती मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत, १९७८ साली, मेरी एलन मार्क या अमेरिकी छायाचित्रकर्तीच्या कॅमेऱ्यासमोर. सौविद दत्त या तरुण छायाचित्रकाराने तिला मार्कच्या फोटोतून उचलून आपल्या फोटोत बसवलं. २०१७ मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा त्याने ते कबूलही केलं.

मार्कला तो फोटो सहज मिळाला नव्हता. त्याआधी दहाएक वर्षं ती त्या गल्लीत जायची तेव्हा शिव्या खायची, अंगावर पाणी आणि कचरा पडायचा. तरीही ती जात राहिली आणि हळूहळू तिथल्या बायकांनी तिला आत घेतलं. दत्तने चोरली ती नुसती एक आकृती नव्हे, हा सगळा विश्वास त्याने फुकटात लाटला.

यात दोष फोटोशॉपचा नाही. ते १९९० साली आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून स्टुडिओतले रिटचर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग घालवत होते. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हात धरून आकाश गडद आणि चेहरा उजळ करणं हा तर छपाईच्या कौशल्याचाच भाग. निसर्ग-छायाचित्रकार अन्सेल अ‍ॅडम्सच्या डोंगरांची भव्यता बरीचशी तिथेच घडली. त्याला कोणी लबाड म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

बिनसतं ते वेगळ्या ठिकाणी. २००३ च्या इराक युद्धात वृत्तछायाचित्रकार ब्रायन वॉल्स्कीने बसऱ्याजवळ एक ब्रिटिश सैनिक आणि समोर बसलेले नागरिक टिपले. एका फ्रेममध्ये सैनिकाचा आविर्भाव चांगला आला होता, तर दुसरीत मूल कडेवर घेतलेला माणूस. त्याने दोन्ही जोडल्या. पार्श्वभूमीतली तीच माणसं दोनदा दिसली आणि चोरी पकडली गेली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्याला काढून टाकलं. दोन्ही फ्रेम खऱ्या होत्या, पण जोडून झालेला क्षण कधी घडलाच नव्हता. वाचक बातमीतला फोटो पाहतो तो साक्ष म्हणून, आणि साक्षीदाराने प्रसंग सुधारून सांगायचा नसतो.

नामांकित छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीच्या क्युबातल्या एका फोटोत खांबाचा तुकडा जागेवरून सरकलेला २०१६ मध्ये लोकांना दिसला. मग त्याचे भारतातले फोटोही तपासले गेले आणि त्यांतून माणसं गायब केलेली आढळली. मी बातमीदार नव्हे, चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे, असा खुलासा त्याने केला. मला तो पटत नाही. आयुष्यभर ‘नॅशनल जिओग्राफिक’ची विश्वासार्हता वापरायची आणि प्रश्न आला की कलावंत व्हायचं, हे चालणार नाही.

उलट, छायाचित्रकार बोरिस एल्डागसेनने २०२३ मध्ये सोनीच्या छायाचित्र स्पर्धेत एआयने केलेलं चित्र पाठवलं, बक्षीस मिळाल्यावर ते नाकारलं आणि कारण उघड सांगितलं. चित्र रचायला कोणाचीच हरकत नाही. रचलंय हे लपवू नये, इतकंच.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही वृत्तछायाचित्रांची स्पर्धा निकालाआधी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागते. २०१५ मध्ये अंतिम टप्प्याच्या आधी तपासलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के याच कसोटीवर बाद झाले. आपल्याकडच्या स्पर्धांनी, दिवाळी अंकांनी आणि वर्तमानपत्रांनीही मूळ फाइल मागावी, आणि रचलेल्या चित्राखाली ‘रचित’ असं स्पष्ट छापावं.